आधी नेक, मग ब्रिज, आणि छिद्रे संपल्यावरच रंग: घरी इलेक्ट्रिक गिटार बांधण्याची पद्धत

घरी बांधलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार बिघडते ती बहुधा क्रम चुकल्यामुळे. बॉडीचा आकार हौसेने कापला जातो, ब्रिज (बॉडीवर तारा धरणारा धातूचा भाग) दिसायला बरा वाटेल तिथे बसवला जातो, रंगही चढतो, आणि तारा लावल्यावर लक्षात येते की पहिली तार फिंगरबोर्डच्या (बोटांनी तारा दाबायच्या पट्टीच्या) कडेवरून घसरते आहे किंवा सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकण्याचा सरकता तुकडा) शेवटपर्यंत सरकवूनही बाराव्या फ्रेटचा (फिंगरबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्टीचा) सूर जुळत नाही. त्या टप्प्यावर दुरुस्ती करायची तर छिद्रे बुजवून, रंग खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते.

या लेखात फेंडर कंपनीच्या टेलिकॅस्टर गिटारच्या पद्धतीची बॉडी स्वतः बनवण्याची आणि तयार विकत घेतलेला नेक (गिटारचा दांडा) तिला चार स्क्रूंनी जोडण्याची रीत दिली आहे. या रचनेत बॉडी सपाट असते आणि नेकला कोन द्यावा लागत नाही, म्हणून पहिल्या कामासाठी ती सर्वांत सोयीची आहे. नेकही स्वतःच बनवायची इच्छा होईल, पण फ्रेट बसवणे आणि ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी आतली धातूची कांडी) घालणे ही वेगळी कौशल्ये आहेत. पहिल्याच वेळी दोन्ही अंगावर घेऊ नयेत.

टप्पा १: सुटे भाग आधी, लाकूड नंतर

नेक, ब्रिज, पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग), कंट्रोल प्लेट, नेक प्लेट आणि जॅक हे सर्व भाग प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय कागदावर एकही रेघ ओढू नये. इंटरनेटवर मिळणारे आराखडे फेंडरच्या मूळ मापांवर आधारलेले असतात, तर स्वस्तातल्या भागांची मापे एक-दोन मिलिमीटरने सहज वेगळी निघतात. मूळ मापांनुसार स्केल (नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचा असलेल्या पट्टीपासून, सॅडलपर्यंतची तारेची लांबी) २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी, नेकच्या टाचेची रुंदी सुमारे ५६ मिमी, टाचेची जाडी २५ मिमीच्या आसपास, बॉडीची जाडी ४४ ते ४५ मिमी आणि नेकच्या खाचेची खोली १६ मिमी असते. ही मापे अपेक्षा म्हणून ठेवावीत. कापताना मात्र व्हर्नियर कॅलिपरने आपल्या भागांवर घेतलेले मापच वापरावे.

नेक घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. टेलिकॅस्टरच्या नेकची टाच सरळ कापलेली असते, तर स्ट्रॅटोकॅस्टरची गोलाकार असते, आणि दोन्ही एकाच खाचेत नीट बसत नाहीत. ट्युनिंग खुंट्यांची छिद्रेही जुन्या पद्धतीच्या खुंट्यांसाठी सुमारे ९ मिमी आणि नव्या पद्धतीच्या खुंट्यांसाठी १० मिमी अशी वेगवेगळी असतात.

लाकडाच्या बाबतीत वजनाचा विचार आधी करावा. या आकाराच्या बॉडीत सुमारे चार लिटर घनफळाचे लाकूड राहते. शिवण किंवा तूण वापरल्यास बॉडी दोन किलोच्या जवळपास येते, सागवानाची अडीच किलोच्या पुढे जाते आणि शिसवाची तीन किलो ओलांडते. शिसवाच्या देखणेपणाला भुलून बांधलेली गिटार तासभर खांद्यावर घेऊन उभे राहिल्यावर मत बदलते. तूण मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या नेहमीच्या वापरातले लाकूड आहे. ते हलके असून राउटरखाली शांतपणे कापले जाते. सागवान चालते, पण त्यातील नैसर्गिक तेलामुळे सरस आणि पॉलिश नीट धरत नाहीत, त्यामुळे चिकटवण्याच्या थोडे आधी सांध्याची बाजू ॲसिटोनने पुसून घ्यावी लागते.

वखारीतून आणलेले लाकूड कोरडे आहे असे विक्रेता सांगतो तेव्हा त्यावर विसंबू नये. फळ्या घरात, खाली-वर पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशा रचाव्यात आणि दर आठवड्याला त्यांचे वजन करावे. सलग तीन आठवडे वजन बदलले नाही तर लाकूड घरातील हवेशी जुळले असे समजावे. ओलावा मोजण्याचे यंत्र असेल तर ते ८ ते १२ टक्के दाखवेल अशा लाकडावरच काम सुरू करावे.

टप्पा २: फळ्यांचा सांधा आणि मध्यरेषा

सुमारे ३५ सेंमी रुंदीची एकच फळी क्वचित मिळते, म्हणून दोन फळ्या जोडाव्या लागतात. दोन्ही फळ्यांच्या जोडायच्या कडा रंधून झाल्यावर त्या एकमेकींवर उभ्या धरून उजेडासमोर पाहाव्यात. कुठूनही उजेड झिरपत असेल तर पुन्हा रंधावे. क्लँप आवळून फट मिटवता येते, पण तो ताण लाकडात राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात सांधा तिथेच उघडतो. लाकडासाठीचा चांगला पांढरा किंवा पिवळा सरस दोन्ही कडांना पातळ लावावा, क्लँप आवळावेत आणि २४ तास हात लावू नये.

सरस वाळल्यावर ठोकळा दोन्ही बाजूंनी सपाट करून ४५ मिमी जाडीचा करावा आणि सुमारे ३५ बाय ४५ सेंमी असा चौकोनीच ठेवावा. त्यानंतर मध्यरेषा काढावी. ती पुढच्या बाजूवर, मागच्या बाजूवर आणि दोन्ही टोकांच्या उभ्या कडांवर गुण्या लावून उतरवावी, म्हणजे पुढे कुठलीही एक बाजू घासली गेली तरी रेषा दुसरीकडून परत मिळते. पेन्सिलीच्या जाड रेघेपेक्षा धारदार सुरीने ओढलेली रेघ जास्त विश्वासार्ह असते.

*तपासणी: सांध्याची रेघ हीच मध्यरेषा आहे असे गृहीत धरू नये. रंधताना सांधा तिरका गेलेला असू शकतो. मध्यरेषा स्वतंत्रपणे मोजून काढावी.*

टप्पा ३: नेकची खाच

पुढचे प्रत्येक माप नेकपासून निघते, त्यामुळे हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. बाहेरचा आकार अजून कापलेला नसावा, कारण चौकोनी ठोकळ्यावर राउटरला टेकायला भरपूर जागा मिळते आणि क्लँपही कुठेही लावता येतात.

खाचेचा साचा प्रत्यक्ष नेकवरूनच करावा. नेक मध्यरेषेवर ठेवून त्याच्या टाचेला दोन्ही बाजूंनी आणि शेवटाकडून १२ मिमी एमडीएफच्या सरळ पट्ट्या टेकवाव्यात, त्या दुहेरी चिकटपट्टीने व क्लँपने पक्क्या कराव्यात आणि नेक अलगद काढून घ्यावा. उरलेली पोकळी म्हणजे साचा. हा साचा आधी टाकाऊ लाकडावर वापरून पाहावा आणि नेक त्या खाचेत कसा बसतो ते तपासल्यावरच ठोकळ्याकडे वळावे.

राउटरमध्ये वर बेअरिंग असलेले, आखूड पात्याचे बिट लावावे. एका फेरीत ३ ते ४ मिमीपेक्षा जास्त खोल जाऊ नये. वरून पाहिल्यास राउटरचे पाते घड्याळाच्या दिशेने फिरते, म्हणून खाचेच्या आतल्या कडेने राउटर घड्याळाच्या दिशेने आणि पुढे बॉडीच्या बाहेरच्या कडेने तो घड्याळाच्या उलट दिशेने न्यावा. दिशा उलटली की पाते लाकडाला पकडून राउटर हातातून ओढून नेते. कोपऱ्यांत राहिलेली गोलाई धारदार पटाशीने नेकच्या आकाराइतकीच काढावी.

खाच किती घट्ट असावी याबद्दल बराच गैरसमज आहे. बॉडी उचलल्यावर नेक नुसत्या घर्षणाने लटकून राहावा असे सांगितले जाते, आणि कच्च्या लाकडात ते शक्यही असते. पण नंतर खाचेच्या कडेवर लॅकरचे थर चढतात आणि घट्ट नेक आत दाबताच कोपऱ्यापासून रंगाला तडा जातो. नेकच्या दोन्ही बाजूंना साधा कागद सरकेल एवढी जागा ठेवावी.

*सावधान: राउटर चालवताना डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण आणि नाकातोंडावर धुळीचा मास्क हवाच. बिट बदलण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.*

टप्पा ४: ब्रिजची जागा

नेक खाचेत बसवून क्लँपने धरावा. नटच्या फिंगरबोर्डकडील कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून दुप्पट करावे. ६४८ मिमी स्केलच्या नेकवर हे अर्धे अंतर ३२४ मिमी येईल. नेकसोबत आलेल्या कागदावर लिहिलेल्या स्केलपेक्षा ही मोजणी खरी मानावी.

आता पातळ पहिल्या तारेची सॅडल पुढे नटच्या दिशेने आणावी, पण अगदी टोकापर्यंत न नेता पुढे दोन-तीन मिमी सरकण्याची जागा राखावी. या स्थितीत तिचा माथा नटपासून बरोबर स्केलच्या अंतरावर येईल अशी ब्रिज प्लेट ठेवावी. जाड तारांना सूर जुळण्यासाठी जास्त लांबी लागते, सहाव्या तारेला साधारण ३ ते ४ मिमी, आणि ती लांबी मागे सरकून मिळते. पुष्कळ जण ब्रिजच्या स्क्रूंची रांगच स्केलच्या अंतरावर ठेवतात; मग सॅडल पुरत नाहीत.

आडव्या दिशेची तपासणी मध्यरेषेवर सोडू नये. नटच्या दोन टोकांच्या खाचांतून दोन दोरे घेऊन ते बाहेरच्या दोन सॅडलवरून ताणावेत. शेवटच्या फ्रेटजवळ दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या आपापल्या कडेपासून सारख्याच अंतरावर आले पाहिजेत. अंतर वेगळे असेल तर ब्रिज किंचित सरकवावा. मध्यरेषेपासून तो अर्धा मिलिमीटर हलला तर कोणाला दिसणार नाही, पण तार कडेवरून घसरली तर प्रत्येक वेळी वाजवताना जाणवेल.

जागा निश्चित झाल्यावर स्क्रूंच्या ठिकाणी टोकदार पंचाने ठोकून खूण करावी. छिद्र पाडण्यापूर्वी स्केलचे माप पुन्हा एकदा, दुसऱ्या पट्टीने घ्यावे.

टप्पा ५: पिकअपच्या खाचा आणि तारांचे मार्ग

पिकअपच्या खाचा १६ ते १९ मिमी आणि कंट्रोलची खाच सुमारे ३८ मिमी खोल करावी. ४५ मिमीच्या बॉडीत कंट्रोलखाली फक्त ७ मिमी लाकूड उरते, त्यामुळे राउटरचा खोलीचा थांबा प्रत्येक फेरीनंतर तपासावा. तो सैल पडून पाते मागून बाहेर आल्याची उदाहरणे कमी नाहीत. मोठी खाच करताना बहुतेक लाकूड आधी फोर्स्टनर बिटने (सपाट तळाचे रुंद छिद्र पाडणाऱ्या ड्रिल बिटने) काढून घेतले तर राउटरचे काम हलके होते.

तारांसाठीचे मार्ग ६ मिमीच्या लांब बिटने पाडावेत. नेककडील पिकअपची तार कंट्रोलच्या खाचेपर्यंत आली पाहिजे, ब्रिजकडील पिकअपचीही आली पाहिजे, आणि तिसरा मार्ग ब्रिज प्लेटच्या खालून कंट्रोलच्या खाचेकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या तारेचा. हा तिसरा मार्ग सर्वाधिक वेळा विसरला जातो, आणि मग रंगवलेल्या बॉडीत तिरके ड्रिल घालण्याची वेळ येते.

टप्पा ६: बाहेरचा आकार

साचा मध्यरेषेवर लावून आकार आखावा आणि जिगसॉने रेघेबाहेर २ ते ३ मिमी सोडून कापावे. जिगसॉचे पाते जाड लाकडात खाली तिरके जाते, म्हणून हे अंतर कमी करू नये. उरलेले लाकूड राउटरने साच्याबरोबर काढावे. शिंगांच्या टोकांजवळ आणि कमरेच्या वळणावर लाकडाचे तंतू आडवे येतात आणि तिथेच कपचा उडतो. अशा ठिकाणी आधी कानशीने रेघेच्या अगदी जवळ यावे आणि राउटरला अर्ध्या मिलिमीटरचेच काम ठेवावे. वरच्या-खालच्या कडांना ३ मिमीची गोलाई द्यावी, पण नेकच्या खाचेच्या तोंडाशी गोलाईचे बिट नेऊ नये.

जॅकचे छिद्र आता पाडावे. त्याचा व्यास आपल्या जॅकच्या वाटीवर मोजावा. प्रचलित वाट्यांना सुमारे २२ मिमी लागते.

टप्पा ७: कच्ची जुळणी

हा टप्पा गाळण्याचा मोह फार होतो, कारण बॉडी आता गिटारसारखी दिसू लागलेली असते. तो गाळू नये.

नेक प्लेटची चार छिद्रे बॉडीतून आरपार पाडावीत. बॉडीतील छिद्र स्क्रूच्या आट्यांपेक्षा किंचित मोठे हवे, म्हणजे स्क्रू बॉडीत न अडकता नेकला खाचेच्या तळाशी ओढून घेतो. नेक खाचेत क्लँप करून त्याच छिद्रांतून टाचेवर खुणा कराव्यात, नेक बाहेर काढावा आणि त्यात ३.२ मिमीची छिद्रे पाडावीत. ४५ मिमी लांबीचा स्क्रू नेकमध्ये साधारण १५ मिमी जातो. बिटवर १७ मिमीवर चिकटपट्टीची खूण करावी, नाहीतर ड्रिल फिंगरबोर्डमधून वर येईल. मेपल कठीण असते, म्हणून आट्यांना मेण किंवा साबण लावल्याशिवाय स्क्रू फिरवू नये. कोरडा स्क्रू मध्येच तुटतो आणि त्याचा तुकडा काढणे हे वेगळेच संकट असते.

मग ब्रिज, खुंट्या, पट्ट्याची बटणे, कंट्रोल प्लेट आणि पिकगार्ड (बॉडीवरची संरक्षक पट्टी) हे सर्व भाग छिद्रे पाडून बसवावेत आणि किमान दोन्ही बाहेरच्या तारा लावून सुरात आणाव्यात. तारांची उंची, दोन्ही कडांचे अंतर आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर तपासावा. सॅडल पूर्ण खाली करूनही तारा उंच राहत असतील तर टाचेच्या मागच्या टोकाखाली, म्हणजे ब्रिजकडील बाजूस, पातळ पाचर घालावी लागेल. हे आता कळणे बरे.

*तपासणी: या क्षणानंतर बॉडीत एकही नवीन छिद्र पडणार नाही, अशी खात्री झाली तरच भाग उतरवावेत.*

टप्पा ८: घासणे आणि भरणी

पॉलिश पेपरचा क्रम १२०, १८०, २२० असा ठेवावा आणि नेहमी तंतूंच्या दिशेने घासावे. एखादा नंबर ओलांडून पुढे गेल्यास आधीच्या पेपरचे ओरखडे तेव्हा दिसत नाहीत. लॅकर चढल्यावर ते स्पष्ट उमटतात. २२० नंतर ओलसर कापडाने बॉडी पुसावी, उठलेले तंतू वाळू द्यावेत आणि पुन्हा २२० हलका फिरवावा.

सागवान, तूण आणि महोगनी यांच्या लाकडातील नैसर्गिक सूक्ष्म छिद्रे मोठी असतात, त्यामुळे आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग हवा असेल तर ग्रेन फिलर (ही छिद्रे भरण्याची लुगदी) तंतूंच्या आडव्या दिशेने दाबून भरावा, जास्तीचा खरवडून काढावा आणि पूर्ण वाळल्यावर घासावा. बहुधा दोन वेळा भरावे लागते. त्यावर सँडिंग सीलरचे दोन-तीन हात देऊन ३२० ने सपाट करावे. सागवानावर सीलरच्या आधी मेणविरहित लाखेचा एक पातळ हात दिल्यास तेलाचा त्रास पुष्कळ कमी होतो.

नेकची खाच चिकटपट्टीने झाकावी. तिथे रंग गेला तर खोली आणि रुंदी दोन्ही बदलतात.

टप्पा ९: लॅकर

घरी काम करणाऱ्यासाठी एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा तेलाचे फिनिश हे दोनच पर्याय मला योग्य वाटतात. फर्निचरवाले वापरतात ते दोन भाग मिसळायचे पीयू (पॉलियुरेथेन) टिकाऊ असते, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्याचा फवारा योग्य श्वसनयंत्रणेशिवाय फुप्फुसांना घातक ठरतो. ते हवेच असेल तर बॉडी पॉलिशच्या कारखान्यात द्यावी.

एनसी लॅकर फवारताना सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क घालावा आणि काम उघड्या, हवेशीर जागी करावे. देवघरातला दिवा, स्वयंपाकघरातला गॅस आणि ठिणगी पडू शकेल असे कोणतेही उपकरण जवळ नसावे. हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर फवारू नये. लॅकर वाळताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील पाणी त्यावर साचते आणि पांढरट ढग अडकतो. मुंबईत आणि कोकणात जून ते सप्टेंबर हे काम हातीच घेऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ढग आलाच तर रिटार्डर थिनरचा एक हलका हात दिल्याने तो बहुधा निघतो.

खाचेच्या छिद्रांत स्क्रूने एक लाकडी दांडा बसवून त्यावर बॉडी धरावी. थर पातळ द्यावेत, दोन थरांत एक-दोन तास जाऊ द्यावेत आणि दिवसाला तीनपेक्षा जास्त थर देऊ नयेत. आठ ते बारा थर पुरतात. ओघळ आला तर तो ओला असताना पुसू नये. वाळल्यावर पेपरने उतरवावा.

नंतर तीन ते चार आठवडे थांबावे. लॅकर हाताला कोरडे लागले तरी आतून मऊ असते, आणि घाईने घासलेला पृष्ठभाग महिन्याभरात आकसून त्यात तंतूंची नक्षी पुन्हा दिसू लागते. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून वेळ आहे. त्यानंतर ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने, रबरी ठोकळ्यावर, साबणाच्या दोन थेंबांच्या पाण्याने घासून रबिंग कंपाउंडने चमक आणावी. कडांवर ठोकळा टेकवू नये. तिथला थर सर्वांत पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत लाकूड उघडे पडते. स्क्रूच्या छिद्रांत आधी मेण दाबावे, नाहीतर पाणी आत शिरून लाकूड फुगते व छिद्राभोवती लॅकरला चिरा पडतात.

फ्लॅटमध्ये फवारणे शक्य नसेल तर टंग ऑइल किंवा डॅनिश ऑइल कापडाने चोळून लावावे. संरक्षण कमी मिळते, पण दुरुस्ती सोपी असते आणि सागवानावर ते सुंदर दिसते.

*सावधान: तेलाने भिजलेले कापड चुरगाळून डब्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि कापड आपोआप पेटू शकते. ते बाहेर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.*

टप्पा १०: जोडणी

खाचांना आतून तांब्याची पट्टी लावावी, तिचे सर्व तुकडे एकमेकांशी विजेने जोडलेले आहेत हे मल्टिमीटरने पाहावे आणि ती अर्थिंगला जोडावी. सिंगल कॉइल पिकअपला २५० किलोओहमची आणि हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ५०० किलोओहमची पॉट (आवाज आणि टोन कमी-जास्त करण्याचे फिरते भाग) वापरण्याचा प्रघात आहे, टोनसाठी ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चालतो. पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर ती पेपरने खरवडावी. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवल्यास आतला मार्ग जळतो. जॅकचे सिग्नलचे टोक तांब्याला टेकणार नाही यासाठी तिथे इन्सुलेशन टेप लावावी, कारण टेकले की आवाज पूर्ण बंद होतो.

तारा लावण्यापूर्वी केबल जोडून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकाशी रोध मोजावा. टेलिकॅस्टर पद्धतीच्या पिकअपला साधारण ६ ते ८ किलोओहम दिसायला हवेत. शून्य आल्यास कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच न आल्यास तार सुटलेली आहे.

टप्पा ११: सेटअप

येथेही क्रम बदलू नये, कारण प्रत्येक पुढचे माप मागच्यावर अवलंबून असते. १०–४६ च्या तारा लावून सुरात आणाव्यात आणि नेकला एक दिवस ताण सोसू द्यावा.

प्रथम नेकचा बाक पाहावा. पहिल्या फ्रेटवर कापो (सर्व तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर सहावी तार दाबावी. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली ०.२ ते ०.३ मिमीची फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव वळणापेक्षा कमी फिरवून, पुन्हा सुरात आणून मोजावे. मग नट: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर जेमतेम फट दिसली पाहिजे. खाच खोल करताना कानस हळू चालवावी. जास्त कापलेला नट बदलावाच लागतो. त्यानंतर सॅडलचे स्क्रू फिरवून बाराव्या फ्रेटवर पहिल्या तारेची उंची सुमारे १.६ मिमी आणि सहावीची २ मिमी ठेवावी.

इंटोनेशनसाठी (सर्व फ्रेटवर सूर जुळण्यासाठी) बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसती हलकेच स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्युनरवर पाहावा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे न्यावी. प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात आणल्याशिवाय पुढचे माप घेऊ नये. शेवटी पिकअपची उंची: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपासून २ ते २.५ मिमी अंतर ठेवावे. चुंबक तारेच्या फार जवळ आले तर जाड तारांचे सूर थरथरतात आणि इंटोनेशन चुकल्याचा भास होतो; अशा वेळी सॅडलला हात न लावता आधी पिकअप खाली करून पाहावा.

स्टँडवर ठेवण्यापूर्वी त्याचे रबर सुती कापडाने गुंडाळावे, कारण रबर आणि एनसी लॅकर यांची रासायनिक क्रिया होऊन लॅकर चिकट होते. दोन आठवड्यांनी आणि पावसाळा सुरू झाल्यावर नेकचा बाक पुन्हा मोजावा.